साहेबांच्या पायाखालचे स्टूल

मी एक जुने, बुटके स्टूल आहे. ज्या दिवशी नगराध्यक्षांना शिक्षा झाल्याची बातमी आली, त्या दिवशी मी सुताराच्या स्वयंपाकघरात फळीखाली उभे होते. दुपारची वेळ होती. सुतार अंगणात एका चौकटीवर रंधा मारत होता. समोरच्या घरात टीव्ही मोठ्याने लावलेला होता. त्यातला माणूस सांगत होता की, न्यायालयाने नगराध्यक्षांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवले आहे, त्यांना तिथूनच तुरुंगात नेले आहे, आणि आता त्यांना कित्येक वर्षे निवडणुकीला उभे राहता येणार नाही. अंगणातला रंध्याचा आवाज मध्येच थांबला.

नगराध्यक्ष म्हणजे सुताराचा सख्खा धाकटा भाऊ.

गल्लीतल्या दुकानांची शटर एकामागून एक खाली आली. मग टेकडीच्या बाजूने आवाज येऊ लागला. डबे आणि बादल्या बडवल्याचा आवाज होता तो. टेकडीवरची वस्ती खाली उतरत होती. सुतार घाईने घरात आला. त्याने दार लावले, कडी घातली. कडी जुनी होती. तिच्यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने मला उचलून दाराला टेकवले आणि दाराकडे पाठ करून तो माझ्यावर बसला.

मित्रांनो, मी त्याच्याच हातचे आहे. त्याचे हात मला पहिल्यापासून ठाऊक होते. पण एवढा दणकट माणूस असा थरथरतो, हे मला त्या दिवशी कळले. मग मीही घाबरले. लाकडाला आगीची भीती असते. चिडलेले लोक आधी दार तोडतात आणि मग जे हाताला लागेल ते पेटवतात, असे मी पुष्कळदा ऐकले होते. दार आणि मी, दोघेही लाकडाचेच.

हे असे का झाले ते सांगायचे तर मला मागे जावे लागेल.

सुताराचे नवे लग्न झाले होते तेव्हा त्याने स्वयंपाकघरात एक फळी ठोकली. ठोकली ती आपल्या उंचीच्या हिशेबाने. त्याची बायको अंगाने लहान होती. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणत असे, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनींचा हात काही फळीला पुरेना.

"फळी तुमच्या उंचीची, आणि घरात राबायचं मी!" वहिनी म्हणाल्या.

"मग फळी खाली घेऊ?"

"नको. भिंतीला भोकं पडतील."

"मग तुलाच वर घेतो," सुतार म्हणाला, आणि चौकटीच्या उरलेल्या लाकडातून त्याने मला बनवले. माझे चारही पाय जरा बाहेर झुकते ठेवले, म्हणजे मी कलंडणार नाही. माथ्यावर बोट घालून उचलण्यासाठी एक खाच ठेवली. एकही खिळा वापरला नाही. सगळे सांधे नुसते एकमेकांत बसवले. वहिनी पहिल्यांदा माझ्यावर चढल्या तेव्हा सुताराने दोन्ही हात पुढे धरून ठेवले होते. "मी पडत नाहीये," त्या म्हणाल्या, "तुम्ही कामाला जा." तरी तो बराच वेळ हलला नाही.

त्या घरात धाकटाही होता. आईवडील लवकर गेल्यामुळे तो दादा-वहिनींच्या हाताखाली वाढला. वहिनींसारखाच तो बुटका होता. तो माझ्यावर बसून जेवायचा, माझ्यावर बसून अभ्यास करायचा, आणि वहिनी रागावल्या की माझ्यावरच बसून रुसायचा. तो मोठा झाला, चार लोकांत बोलू लागला. एकदा पालिकेच्या फाटकासमोर सभा होती. टेकडीवरच्या वस्तीला पाणी द्या, असे सांगण्यासाठी त्याला बोलायला उभे राहायचे होते. पण तो गर्दीत उभा राहिला की दिसायचाच नाही.

"वहिनी, तुमचं स्टूल नेऊ का?"

"न्या भाऊजी. पण परत आणा. साखरेचा डबा वर आहे, नाहीतर चहा बिनसाखरेचा प्यावा लागेल."

त्याने चपला काढल्या आणि तो माझ्यावर चढला. त्याच्या पायांची बोटे माझ्या कडेला घट्ट धरून होती. पोटऱ्या कापत होत्या. तो भीतभीत बोलला, पण मनापासून बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर वहिनींनी मला ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, "आज तू भाऊजींना मोठं केलंस हो." मला फार बरे वाटले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत मोठे कौतुक.

पुढे धाकटा निवडून आला. मग नगराध्यक्ष झाला आणि सगळे त्याला साहेब म्हणू लागले. मी त्याच्याबरोबर गाडीच्या डिकीतून गावभर फिरू लागले. सभेत माईकच्या टेबलामागे मला ठेवत आणि पुढे कापड सोडत, म्हणजे मी कोणाला दिसू नये. साहेब उंच आहेत असेच पुष्कळांना वाटायचे. वहिनींना त्यांनी माझ्या बदल्यात प्लास्टिकचे एक स्टूल पाठवले. ते पाण्यावरून सरकायचे. वहिनी त्याच्याशी भांडत असत, असे सुतार हसून सांगायचा.

हळूहळू एक गोष्ट बदलली. साहेब आता चपला काढून माझ्यावर चढत नसत. त्यांना वेळ नसायचा. मग चपलांच्या जागी जाड तळाचे बूट आले, आणि त्या बुटांतून मला त्यांच्या पायांचे काहीच कळेनासे झाले.

टेकडीवरच्या लोकांना दिलेला शब्द मात्र त्यांच्या लक्षात होता. निवडणूक जवळ आली की तो जास्तच लक्षात यायचा. एका वर्षी ठरले की टेकडीवर नळ न्यायचा. वस्तीत सपाट जागा एकच होती, आणि तिथे जुनी विहीर होती. खोल, दगडी बांधकामाची. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचे, पण पार आटायची नाही. साहेबांचे म्हणणे पडले की विहीर बुजवून तिच्यावर नळाचा ओटा बांधायचा. वस्तीतल्या बायका काही तयार होईनात. त्यांच्यात एक मावशी होत्या. त्या बोलायला लागल्या की पुरुष तिथून निघून जात. त्या म्हणाल्या, "नळ येईल तेव्हा येईल. आधी विहीर कशाला मारता?"

तेव्हा साहेबांनी वहिनींना गळ घातली. त्या दिवसांत माझा एक पाय ढिला झाला होता, म्हणून मी दुरुस्तीसाठी घरी आले होते. सगळे बोलणे मी स्वतः ऐकले.

"वहिनी, तुमचं त्या ऐकतील. माझं नाही ऐकत."

"भाऊजी, पाणी नक्की येणार ना?"

"तुमच्या हातचं खाऊन वाढलोय मी. तुमच्याशी खोटं बोलेन का?"

वहिनी टेकडी चढून गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या दमून माझ्यावर बसल्या आणि सुताराला म्हणाल्या, "झाल्या एकदाच्या तयार. मी सांगितलं, तो माझा दीर आहे. पाणी नाही आलं तर मला येऊन धरा."

"एवढं कशाला बोललीस?" सुतार म्हणाला.

"अहो, आपला धाकटाच आहे ना तो?"

विहिरीत यंत्राने दगड-माती लोटली. वर फरशा टाकल्या, ओटा बांधला, ओट्यावर नळाचा खांब उभा केला आणि साहेबांच्या नावाची पाटी लावली. उद्घाटनाच्या दिवशी मला टेबलामागे ठेवले. मित्रांनो, मी बुटके आहे, म्हणून उंच माणसांना जे दिसत नाही ते मला दिसते. टेबलाच्या कापडाखालून एक जाड काळा पाइप येत होता. तो मंडपाच्या मागून, एका भिंतीआड उभ्या असलेल्या टँकरपासून आला होता आणि नळाच्या खांबात शिरत होता. त्याचा जोड गळत होता आणि माझे पाय भिजत होते. जमिनीखालून दुसरा कुठलाच पाइप येत नव्हता. खालून वर पाणी आणणारे पाइप कधी टाकलेच नव्हते. टाकल्याचे नुसते कागदावर दाखवले होते.

मी अशी घाबरले की काय सांगू! तेवढ्यात साहेब माझ्यावर चढले, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या पायांतली थरथर मला बुटांच्या जाड तळातूनसुद्धा लागली. समोर पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, मांडीवर बादली घेऊन. साहेब त्यांच्याकडे बघत नव्हते. त्या दिवशी भाषण लवकर संपले. भाषण लांबले असते तर टँकर गळूनच रिकामा झाला असता. साहेबांनी तोटी फिरवली, पाणी धो धो आले, टाळ्या पडल्या. पहिली बादली वहिनींनी भरली आणि मावशींच्या हातात दिली. मला ओरडावेसे वाटले. पण स्टूल ओरडत नाही. स्टुलावर उभे राहून दुसरेच ओरडतात.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडा पडला. त्यानंतर काय घडले ते मला फार उशिरा समजले, कारण मला पालिकेच्या अडगळीच्या खोलीत टाकून दिले होते. साहेबांना दुमडता येणारी लोखंडी पायरी मिळाली होती. त्या खोलीत मोडक्या खुर्च्या होत्या आणि उंदीर होते. माझा ओला झालेला पाय तिथेच कुजायला लागला. पुढे तक्रार झाली, चौकशी आली, तेव्हा ती खोली रिकामी करताना साहेबांच्या ड्रायव्हरने मला ओळखले आणि सुताराच्या अंगणात आणून सोडले. "वहिनींचं आहे," एवढेच तो म्हणाला आणि गेला.

मी आनंदले होते. वाटले, आता वहिनी चढतील, साखरेचा डबा काढतील. पण वहिनी खाटेवर बसलेल्या होत्या. त्यांनी मला जवळ ओढले आणि माझ्यावर दोन्ही पाय ठेवले. पाय सुजलेले होते. श्वास लागत होता. तो त्रास त्यांना आधीपासून होता, पण त्यांनी त्याला जुमानलेच नव्हते. नळ कोरडा पडल्यावर मावशी खाली आल्या होत्या आणि दारातून म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुमच्या दिराच्या नळाला सर्दी झालीय. नुसता सूं सूं करतो." वहिनी तडक साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, पाइप निघालेत, वाटेत आहेत. वहिनी पुनःपुन्हा जात राहिल्या आणि पाइप वाटेतच राहिले. मग त्यांनी आपल्या अंगणातला नळ वस्तीला मोकळा करून दिला. तेवढ्याने त्यांचे समाधान होईना. टेकडीच्या उभ्या पायऱ्यांवरून त्या स्वतः बादल्या वर पोहोचवू लागल्या. सुतार ओरडला, रुसला, शेवटी स्वतःही बादल्या उचलू लागला. एकदा वहिनी पायऱ्यांवर बसल्या त्या उठल्या नाहीत. त्यांना उचलून घरी आणावे लागले.

शेवटच्या दिवसांत त्यांचे पाय माझ्यावर असत आणि सुतार जमिनीवर बसून ते चेपत असे. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, नळाचं राहू दे. त्यांची विहीर तेवढी त्यांना मोकळी करून द्या."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"करतो. मी करतो."

मग त्या गेल्या. माझ्यावरचे वजन तेवढेच होते, पण ते आता वहिनींचे नव्हते. हे मला याहून नीट सांगता येत नाही.

साहेब आले होते. बूट काढून आत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिले, पण बसले नाहीत. "दादा, वहिनी काही म्हणाल्या का?"

"विहीर मोकळी करा म्हणाली."

साहेबांचा चेहरा उतरला. "दादा, आत्ता नको. केस चालू आहे. तू तिथे पहार लावलीस तर मीच कबूल केल्यासारखं होईल. सुटलो की मी स्वतः करतो."

 सुताराने पहार लावली नाही. फळीवरचे डबे तो पुसायचा आणि होते तिथेच ठेवायचा. साखर संपली तरी त्याने डबा खाली घेतला नाही. वस्तीतले लोक अंगणात पाण्याला येत तेव्हा तो मान खाली घालून रंधा मारत राही. टेकडीकडे तो पाहतसुद्धा नसे. भाऊ सुटेल याची तो वाट बघत होता, की सुटणार नाही याची, हे मला कळले नाही. त्यालाही कळले नसावे.

आणि मग ती दुपार आली. बादल्यांचा आवाज गल्लीत शिरला. आमच्या दारावरून बरेच लोक पुढे गेले, साहेबांच्या बंगल्याकडे. काचा फुटल्याचे ऐकू आले. सुताराने कान झाकून घेतले. आता झाले, असे वाटत होते, तेवढ्यात आमच्याच दारावर थाप पडली. दाराचा हादरा सुताराच्या पाठीतून माझ्या पायांपर्यंत आला.

"सुतार, दार उघडा." मावशींचा आवाज.

"कशाला?"

"चहा प्यायला नाही आले."

"मारायला आलात?"

"तुम्हाला मारून पाणी निघणार असतं, तर आधीच आले नसते का?" मावशी जोरात म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "वहिनी असताना हे दार कधी बंद बघितलं नव्हतं मी."

 सुतार उठला. त्याने मला बाजूला केले. कडी काढून दार उघडले. दारात मावशी एकट्याच होत्या. हातात चेपलेली बादली होती. त्या आत आल्या आणि न विचारता माझ्यावर बसल्या.

"आम्ही विहीर उघडतोय," त्या म्हणाल्या. "फरशा परवाच काढल्या. पण आतलं बांधकाम यंत्राने पार फोडून ठेवलंय. दगड काढला की बाजूची माती खाली येते. लाकडाचे टेकू लावल्याशिवाय कोणी आत उतरायला तयार नाही. ते काम आमच्यात कोणाला येत नाही."

"माझा भाऊ..."

"तुमच्या भावाचं आता आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

सुतार भिंतीला टेकला. "मावशी, मला भीती वाटते."

"आत उतरायची?"

"उतरायचीही. आणि वर सगळे बघतील त्याची जास्त."

"बघतील तर," मावशी म्हणाल्या. "शिव्याही देतील. मीसुद्धा देईन. पण टेकू तुम्हीच लावायचेत."

त्या गेल्या. सुताराने अर्धवट रंधा मारलेली चौकट बाजूला उभी केली आणि दारांसाठी साठवलेले चांगले लाकूड बाहेर काढले. पुढचे काही दिवस तो टेकू कापत होता. लाकूड कापून झाले तरी तो टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदा तर पहिल्या पायरीवरूनच फिरला. शेवटी एका सकाळी त्याने टेकूंचा पहिला भारा खांद्यावर घेतला आणि मला खाचेत बोट घालून उचलले.  पायऱ्यांच्या दर वळणावर तो मला ठेवून माझ्यावर बसायचा आणि पुन्हा उठायचा. वर पोहोचलो तेव्हा लोक गप्प झाले. मग एक जण बोलला. मग सगळे बोलू लागले. काय बोलले ते मी तुम्हाला सांगणार नाही. सुताराने सगळे ऐकून घेतले. नंतर कमरेला दोर बांधला, मला विहिरीच्या तोंडाशी ठेवले आणि माझ्यावर पाय देऊन तो आत उतरला. त्याचा पाय माझ्यावरून सुटला तेव्हा माझ्या सगळ्या सांध्यांत कळ आली. खालून माती पडल्याचा आवाज आला की दोर धरणारे ओरडायचे, "आहात ना हो?" आणि खालून उत्तर यायचे, "आहे."

तेव्हापासून मी इथेच काठावर असते. तो रोज उतरतो आणि रोज उतरताना तितकाच घाबरतो. मीही घाबरते. भीती गेली असे खोटे मी तुम्हाला सांगणार नाही. दगड भरलेल्या बादल्या वर येतात. त्या ओढणाऱ्यांत मावशी असतात. त्या सुताराला शिव्या देतात आणि त्याच्यासाठी भाकरतुकडाही आणतात. नळाचा खांब बाजूला आडवा पडला आहे. नावाची पाटी कोणीतरी माती ओढायला वापरते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. स्टूल ओले राहू देऊ नका, एवढे सांगून मला थांबता आले असते. पण त्याहून मोठे सांगायचे आहे. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून कोणी आपली विहीर बुजवायला निघाले, तर त्यांना थांबवा. आधी नवे पाणी येऊ द्या, दोन उन्हाळे जाऊ द्या, मग विहिरीचे बघू म्हणावे. आणि कोणी उंच दिसत असेल, तर तो कशावर उभा आहे ते जरा वाकून बघा. वाकायला लाजू नका. मी सगळे खालूनच पाहिले आहे.

धाकट्याला तुरुंगात भेटायला घरातले कोणी अजून गेलेले नाही. सुतार जाईन म्हणतो. आधी हे काम होऊ दे, म्हणतो. काल त्याने टेकूंचा आणखी एक थर लावला. त्याच्याखाली अजून दगड-माती आहे. पाणी लागलेले नाही.